डिझेल गाड्यांच्या धुरातील लबाडी आणि मालकाची नुकसानभरपाई : पार्श्वभूमी

डिझेल गाड्यांच्या उत्सर्जन चाचणीतील फसवणूक म्हटली की 2015 सालचे फोक्सवॅगन प्रकरण आठवते. विदर्भाच्या ग्रामीण भागापुरते बोलायचे, तर हा विषय त्याच्या दोन वर्षे आधी तवेरापासून सुरू होतो. लग्नाची मंडळी न्यायला, शेगावच्या दर्शनाला किंवा रुग्णाला नागपूरला हलवायला किरायाने मिळणारी ही गाडी तालुक्याच्या प्रत्येक स्टँडवर उभी असे. जुलै 2013 मध्ये जनरल मोटर्सच्या भारतीय कंपनीने 2005 पासून बनलेल्या सुमारे 1 लाख 14 हजार तवेरा दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. तपासणीसाठी जाणाऱ्या गाड्यांत कमी धूर सोडणारी निवडक इंजिने बसवली जात असल्याचे तेव्हा उघड झाले आणि केंद्र सरकारच्या समितीनेही कंपनीवर ठपका ठेवला. काही कर्मचाऱ्यांना काढण्यात आले. गाडीच्या मालकाला मात्र विनामूल्य दुरुस्तीपलीकडे काही देऊ करण्यात आले नाही.

याची जुनी मुळे अमेरिकेत सापडतात. महामार्गावर एका वेगाने धावताना ट्रकची इंजिने नायट्रोजन ऑक्साइड हा धुरातील घातक वायू जास्त सोडतील आणि चाचणीत मात्र नियमात बसतील, अशी व्यवस्था केल्याबद्दल तेथील सात इंजिन उत्पादकांनी 1998 मध्ये सरकारशी तडजोड केली. तेव्हाही पैसा दंडात आणि नव्या इंजिनांच्या संशोधनात गेला, ट्रकमालकाच्या हाती नाही. ही रीत बदलली ती 18 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकी पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिल्यानंतर. चाचणीत गाडी रोलरवर चालते, चाके फिरतात पण स्टिअरिंग वळत नाही. अशा खुणांवरून सॉफ्टवेअर चाचणी ओळखत असे आणि तेवढ्यापुरते उत्सर्जन आवरते घेत असे. रस्त्यावर हेच उत्सर्जन मर्यादेच्या 40 पटींपर्यंत जात होते. जगभरात अशा सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या होत्या. अमेरिकेत 2016 च्या तडजोडीनुसार कंपनीने बहुतेक मालकांना गाडी परत घेण्याची तयारी दाखवली आणि वर साधारण 5,100 ते 10,000 डॉलर देण्याचे मान्य केले.

जर्मनीतील वाट अधिक लांबची होती, पण आपल्याकडच्या वाचकाला तीच अधिक जवळची वाटावी. तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 25 मे 2020 रोजी ज्या मालकाच्या बाजूने निकाल दिला, त्याने आपली फोक्सवॅगनची शरान ही गाडी 2014 मध्ये जुनीच, सुमारे 31,500 युरोंना घेतली होती. कंपनीने जाणूनबुजून फसवले, म्हणून तिने गाडी परत घेऊन पैसे द्यावेत, मात्र धावलेल्या किलोमीटरच्या प्रमाणात वापराचे मूल्य वजा करावे, असे ठरले. त्याला सुमारे 25,600 युरो मिळाले. त्याच वर्षी सामूहिक दाव्यातील सुमारे 2 लाख 60 हजार ग्राहकांसाठी 83 कोटी युरोंची तडजोड झाली होती. इंग्लंडमध्ये 2022 साली सुमारे 91 हजार दावेदारांना मिळून 19 कोटी 30 लाख पौंड मिळाले.

भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेने रस्त्यावर घेतलेल्या चाचण्यांत फोक्सवॅगनच्या काही गाड्यांचे उत्सर्जन बीएस-4 (भारत स्टेज 4) या उत्सर्जन मानकातील मर्यादेच्या सुमारे 5 ते 9 पट आढळले आणि डिसेंबर 2015 मध्ये कंपनीने 3,23,700 गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. नियमभंग मात्र तिने मान्य केला नाही, कारण रस्त्यावरील चाचणीचे मानकच तेव्हा आपल्या नियमांत नव्हते. तांत्रिकदृष्ट्या या म्हणण्यात तथ्य होते, हे कबूल करावे लागते. राष्ट्रीय हरित लवादाने 7 मार्च 2019 रोजी 500 कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला, त्याला मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. पण आदेश टिकला असता, तरी ती रक्कम हवेच्या आणि आरोग्याच्या हानीपोटी होती. महागात पडलेल्या गाडीचा मालक त्या हिशेबात कुठेच नव्हता.

विदर्भातील मालकासमोर आणखी दोन अडचणी होत्या. पहिली मानकाची. 2010 साली बीएस-4 लागू झाले ते ठरावीक 13 शहरांत. त्यांत राज्यातील मुंबई, पुणे, सोलापूर होती, नागपूर नव्हते. आपल्याकडे 1 एप्रिल 2017 पर्यंत बीएस-3 गाडीचीच नोंदणी चालत होती आणि तिच्यासाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-4 च्या दुप्पट, म्हणजे किलोमीटरला 0.50 ग्रॅम होती. दुसरी अडचण पुराव्याची. पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो, जागेवरच अॅक्सिलरेटर दाबायला लावतो आणि कागद हातात देतो. त्या कागदावर धुराचा काळेपणा असतो, नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा नसतोच. त्यामुळे वर्षानुवर्षे पीयूसी पास झालेल्या गाडीतही ही लबाडी दिसणे शक्य नव्हते.

ग्राहक कायद्याचा मार्ग तेव्हाही होता, पण तक्रारीची मुदत दोन वर्षांची. शिवाय व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू त्यात बसत नाही. पोट भरण्यासाठी स्वतः काळी-पिवळी चालवणारा ग्राहक ठरतो, चार गाड्यांवर ड्रायव्हर ठेवणारा सहसा ठरत नाही. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आणले आणि राहत्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे यवतमाळच्या माणसाला यवतमाळलाच, तक्रार करण्याची सोय दिली. मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेले कलम 110-अ तर पर्यावरणाला हानी पोचवणाऱ्या दोषासाठीही गाडी परत बोलावण्याचा आदेश देऊ देते, आणि त्यानंतर उत्पादकाने गाडीची पूर्ण किंमत द्यावी, बदलून द्यावी किंवा दुरुस्त करावी, असे सांगते. प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची अट 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली.

जुन्या गाडीचा प्रश्न मात्र कागदावर अडतो. 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी दोन-तीन हात फिरते, आरसी बुक पहिल्याच मालकाच्या नावे राहते, पैशाची पावती नसते. शरानवाल्या जर्मन मालकाकडे आपण कितीला घेतली आणि किती किलोमीटर चालवली याचे कागद होते, आणि त्याच्या भरपाईचा सारा हिशेब त्या दोन आकड्यांवरच झाला होता.