पार्श्वभूमी : अ‍ॅब्लेशनमधील निदानाची फसगत आणि 115 मिलिसेकंदांचा निकष

अ‍ॅब्लेशन म्हणजे धडधडीला कारण असलेला हृदयातला भाग कॅथेटरमधून ऊर्जा देऊन निकामी करणे; त्याआधी तो भाग नेमका ओळखावा लागतो. टॅकिकार्डिया (हृदयाची अवाजवी जलद धडधड) बाहेरून ठोके देऊन मुद्दाम सुरू करता येते व तिचा मार्ग शोधता येतो, हे युरोपात 1967 मध्ये दिसून आले. सेवाग्रामला ग्रामीण भागासाठी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले त्याच वर्षी, म्हणजे 1969 मध्ये, हिस बंडलचा (हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे विद्युतलहर नेणाऱ्या तंतूंचा) संकेत कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयात सरकवलेल्या बारीक नळीने, टिपण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. तेव्हा जादा मार्ग (वरच्या व खालच्या कप्प्यांना जोडणारी अतिरिक्त विद्युतवाट) तोडायचा तर छाती उघडावी लागे. 1982 मध्ये कॅथेटरमधून थेट विद्युतझटका देणे आणि 1991-92 पर्यंत रेडिओफ्रिक्वेन्सीचा (उष्णतेने ऊती जाळणाऱ्या विद्युतऊर्जेचा) वापर रुळल्यावर निदान व उपचार एकाच बैठकीत उरकू लागले, आणि घाईची खरी किंमत तेथून मोजावी लागली.

अडचण मुख्यतः हृदयाच्या डाव्या-उजव्या भागांमधल्या पडद्याजवळची आहे. तेथे विद्युतलहर गोल फिरत राहिली, की त्याला फेरा म्हणतात. ए.व्ही. नोडमधील (अलिंद म्हणजे वरचा कप्पा व निलय म्हणजे खालचा कप्पा यांच्यामधल्या विद्युतसांध्यातील) फेरा, पडद्यालगतच्या जादा मार्गावरचा फेरा आणि तेथूनच उगम पावणारी अलिंदाची टॅकिकार्डिया, या तिन्हींत अलिंद जवळजवळ एकाच क्रमाने उद्दीपित होऊ शकते.

पहिल्या दोन फेऱ्यांत भेद करण्यासाठी 2001 मध्ये एक निकष पुढे आला. टॅकिकार्डिया चालू असताना उजव्या निलयाच्या टोकाशी थोडे जलद पेसिंग करायचे, म्हणजे कृत्रिम ठोके द्यायचे, ते थांबवल्यावर तेथे पुढचा संकेत यायला लागलेला वेळ मोजायचा व त्यातून टॅकिकार्डियाच्या आवर्तनाचा काळ वजा करायचा. उत्तर 115 मिलिसेकंदांहून अधिक आले तर निलय फेऱ्याबाहेर, म्हणजे फेरा नोडमधला. हा आकडा पाठ करायला सोपा आहे, आणि माझ्या मते तोच त्याचा दोष ठरला. तो पडद्यालगतच्या मार्गांसाठी होता. डावीकडच्या दूरच्या मार्गात परतीचा वेळ तसाही लांबतो. जलद पेसिंगमुळे नोडच मंदावला, तर निलय फेऱ्यात असूनही उत्तर फुगते, म्हणून पुढे नोडमधील वाढीव विलंब वजा करून 110 ही सुधारित सीमा सुचवली गेली. जादा मार्ग स्वतःच मंदगती असेल तर ही दुरुस्तीही अपुरी पडते. शिवाय पेसिंगच्या वेगाने अलिंद खरोखर चालले होते का, हे न पाहता केलेले मोजमाप निरर्थकच असते. निकष चुकीचा म्हणणाऱ्यांपेक्षा तो एकटा पुरेसा नाही म्हणणाऱ्यांची बाजू मला अधिक पटते, कारण चुकीच्या जागी दिलेल्या ऊर्जेने नोड जळाला तर तरुण रुग्णालाही कायमचा पेसमेकर लागू शकतो.

विदर्भाच्या खेड्यांतून नागपूरला पोहोचणाऱ्या रुग्णाबाबत एक दुवा अनेकदा आधीच तुटलेला असतो. तालुक्याच्या ठिकाणी धडधड इंजेक्शनने थांबते, रुग्णाला बरे वाटते, पण झटक्यातला बारा लीडचा ईसीजी कागदावर उतरलेला नसतो. अ‍ॅडेनोसिन (नोड क्षणभर रोखणारे औषध) देताना ईसीजीची पट्टी चालू ठेवली, तर निलयाचे ठोके क्षणभर थांबूनही अलिंदाचे जलद ठोके चालू राहिलेले दिसू शकतात. असे दिसले की जादा मार्गावरचा फेरा बाद होतो आणि अलिंदाच्या टॅकिकार्डियाचा संशय बळावतो. टेबलावर ती टॅकिकार्डिया पुन्हा सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांच्या हाती तेवढी पट्टीच उरते.