सांगाड्यात सांधे नसतात

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात शिरलं की मुलं आधी ममीकडे धावतात, मग देवमाशाकडे. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा हा सांगाडा, लांबी सुमारे ७० फूट. बडोद्यातल्या मराठी घरांत वाढलेल्या माझ्यासारख्या कितीतरी जणांनी आयुष्यात पाहिलेला पहिला सांगाडा हाच. पुढे मी फिजिओथेरपी शिकले, आता शिकवते, आणि नव्या विद्यार्थ्यांना वर्गाआधी इथे घेऊन येते. त्यांना एकच विचारते, "इथे काय नाही ते सांगा."

मांस नाही, कातडी नाही, रक्त नाही, अशी उत्तरं येतात. सांधे नाहीत, हे सहसा कुणाला सुचत नाही. मणक्यांची एवढी मोठी माळ समोर असते, त्यामुळे ते आलेच असं वाटतं. पण जिवंतपणी ही हाडं ज्यांनी एकमेकांना धरली होती ते चिवट अस्थिबंध, हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा, मधला द्रव हे सगळं मऊ. माशाबरोबर ते कुजून गेलं. आता त्यांचं काम लोखंडी आधार करतो. हाडं टिकतात म्हणून आपण शरीराची कल्पना हाडांवरून करतो आणि सांध्याला दारातली बिजागरी समजतो. गुडघेदुखीबद्दलचे निम्मे गैरसमज इथूनच निघतात, असं मला माझ्या कामातून वाटत आलं आहे.

हा सांगाडा वाचायला मात्र फार सुंदर आहे. वल्ह्यासारख्या पराकडे पाहा. वर दंडाचं एक आखूड, जाड हाड, त्याखाली शेजारी शेजारी दोन, मग मनगटाचे तुकडे आणि पुढे बोटं. बोटं चारच, पण मधल्या बोटांना आपल्यापेक्षा जास्त पेरं. तुमच्या हातातही क्रम हाच आहे. मानेत मणके सात, तुमच्याही सात, जिराफाच्याही सात. आराखडा एक, मापं वेगळी.

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारणपणे २०६ हाडं असतात. त्यातली १०६ फक्त हातांच्या दोन पंज्यांत आणि दोन पावलांत, म्हणजे निम्म्याहून जास्त. जन्मलेल्या बाळात ही संख्या २७० च्या पुढे असते, कारण मोठेपणी जे एक हाड दिसतं ते तेव्हा अनेक तुकड्यांत असतं. माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड पाच मणके जुळून होतं. कवटीच्या हाडांमधली फट तर आपल्या आज्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होती. तीच टाळू. तिच्यावर त्या हलक्या हाताने तेल जिरवायच्या. बाळाचं डोकं जन्माच्या वाटेतून येताना थोडं दबावं आणि पुढे मेंदूला वाढायला जागा राहावी, यासाठी ही सोय आहे. साधारण दीड वर्षाच्या आसपास टाळू भरते.

हाड म्हणजे वाळलेला वासा, ही समजूत एका सोप्या प्रयोगाने मोडते. ज्यांच्या घरी चालतं त्यांनी कोंबडीच्या तंगडीचं साफ केलेलं हाड व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस बुडवून ठेवावं. आम्ल त्यातला कॅल्शियम खाऊन टाकतं आणि हाड रबरासारखं वाकू लागतं. उरतात ते कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू. उलट हाड जाळलं तर तंतू जातात आणि खनिज उरतं. घरातलं माणूस गेल्यावर स्मशानात अस्थी वेचलेल्यांना हे हाताने कळलेलं असतं. आकार हाडाचाच असतो, पण बोटांनी जरा दाब दिला की भुगा होतो. माझ्या वडिलांच्या अस्थी चांदोदला नर्मदेत सोडण्याआधी मी त्या हातात घेतल्या होत्या. वर्गात खनिज आणि तंतूंचा धडा आला की अजूनही ती सकाळ आठवते. सिमेंट आणि सळई दोन्ही असतील तरच स्लॅब टिकतो, तसं हे.

शिवाय हा स्लॅब रोज थोडा तोडून पुन्हा भरला जातो. हाडात काही पेशी जुनं हाड विरघळवतात, त्यांच्यामागून दुसऱ्या नवं घालतात. प्रौढ माणसात वर्षाला अंदाजे दहा टक्के सांगाडा असा बदलतो. कुठे जास्त भरायचं ते त्या भागावर पडणारा भार ठरवतो. जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ साली हा नियम मांडला. टेनिसपटूंचं रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. अंतराळात पायांवर भारच नसतो, तिथे अंतराळवीरांच्या कंबरेच्या आणि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते.

आता सांध्यांकडे येऊ. शाळेत उखळीचा सांधा, बिजागरीचा सांधा असं पाठ केलेलं असतं, पण उखळ म्हटलं की खोल खड्डा डोळ्यापुढे येतो. खुब्यात तो खरंच खोल असतो. खांद्यात मात्र उखळ कसली, चमचाच तो. लिंबू-चमच्याच्या शर्यतीतलं लिंबू जसं बसतं, तसं दंडाच्या हाडाचं गोल डोकं खांद्याच्या उथळ वाटीवर टेकलेलं असतं. ते पडू न देण्याचं काम भोवतालचे स्नायू करतात. म्हणून हात डोक्यावर जातो, पाठीमागे जातो, गोल फिरतो. याची किंमत अशी की मोठ्या सांध्यांत सगळ्यांत जास्त निखळतो तो खांदाच. इथे जुम्मादादा व्यायाम मंदिराची आठवण काढायलाच हवी. १८८० पासूनच्या या आखाड्याला नावारूपाला आणणारे राजरत्न माणिकराव व्यायामाइतकेच हाडं बसवण्यासाठी प्रसिद्ध होते. कुस्ती आणि मलखांब जिथे, तिथे सांध्यांची जाण असणारा माणूस लागतोच. आज मात्र निखळलेला खांदा आधी एक्स-रे काढल्याशिवाय कुणालाही ओढू देऊ नये. हाड मोडलेलं असेल, तर त्या ओढाताणीत नस आणि रक्तवाहिनी दुखावते.

कोपराचं काम सरळ आहे, मिटतो आणि उघडतो. पण किल्ली फिरवताना काय होतं ते पाहण्यासारखं आहे. पुढच्या हातातल्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचं हाड दुसऱ्यावरून तिरकं ओलांडून जातं. दुसऱ्या हाताने मनगटाच्या वर धरून तळहात उलटासुलटा करा, ते बोटांखाली सरकताना जाणवेल.

गुडघ्यापाशी मला थांबायचंय, कारण माझी मावशी. दांडिया बाजारात राहते, वय सत्तरीच्या पुढे. रोज पहाटे कमाटीबागेत दोन फेऱ्या घालणारी. गुडघे दुखायला लागले आणि कुणीतरी सांगितलं, "वंगण संपलंय, आता जपून वापरा." शेजारच्या काकींनीही त्यावर मान डोलावली, "ढींचण घसाई गया, बेन," म्हणजे गुडघे झिजले. मावशीने फिरणं बंद केलं. चार महिन्यांत तिला खुर्चीतून उठायला हात टेकावे लागू लागले. मला हे उशिरा कळलं, आणि त्याचं वाईट अजून वाटतं.

वंगण हा शब्दच फसवा आहे. सायकलच्या चेनला तेल बाहेरून घालतात आणि ते वापराने उडतं. गुडघ्यातला द्रव आतलं अस्तर सतत तयार करत असतं. निरोगी गुडघ्यात तो चहाचा एक चमचाभरही नसतो. अंड्याच्या पांढऱ्यासारखा तारदार, आणि ही तार हायलुरोनिक आम्लामुळे. झिजलेल्या गुडघ्यात तो बहुधा संपत नाही, उलट सुजेमुळे वाढतो आणि पातळ होतो. त्याच गुडघ्याला एक जण म्हणतो वंगण संपलं आणि दुसरा म्हणतो पाणी झालं! आतल्या घडामोडीच्या जास्त जवळ जातो तो दुसरा.

हाडांच्या टोकांवरची कूर्चा याहून नवलाची. गुडघ्यात ती काही मिलिमीटरच जाड, वाटीच्या मागच्या बाजूला सगळ्यांत जाड. तिच्यात रक्तवाहिनी नाही, नस नाही. मग तिला खायला कोण घालतं? तोच द्रव. पाऊल टाकलं की कूर्चा स्पंजासारखी दबते आणि पाणी बाहेर जातं, पाऊल उचललं की ती फुगते आणि पोषण आत ओढते. चालणं हेच तिचं जेवण. एकदा गेलेली कूर्चा पूर्वीसारखी भरून येत नाही, हे मी मावशीपासून लपवलं नाही. पण उरलेली जगवायची तर तिला उपाशी ठेवून चालणार नाही, हेही सांगितलं. शिवाय तिला नस नसल्यामुळे दुखतं ते तिच्यात नाही, अस्तरात, हाडात आणि भोवताली दुखतं. मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्यावरचा धक्का ते झेलतात आणि दुखणं पुष्कळदा कमी होतं.

भाराचा हिशेब मात्र कडक आहे. जिना चढता-उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिप्पट-चौपट भार येतो. पावागडच्या पायऱ्या उतरताना गुडघे बोलतात ते यामुळे. हाच हिशेब उलटाही चालतो. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो.

एक शंका मुलं हमखास विचारतात, बोटं मोडल्याने सांधे बिघडतात का? दृष्ट काढताना आजी आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडते, तेव्हा सांध्यातली जागा अचानक वाढते, दाब घटतो आणि द्रवात विरघळलेल्या वायूची पोकळी तयार होते. आवाज तिचा. त्याने संधिवात होतो असा पुरावा मिळालेला नाही. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी साठ वर्षांच्या आसपास फक्त एकाच हाताची बोटं मोडली आणि दोन्ही हात सारखेच निघाले. एका माणसावरून नियम होत नाही, पण चिकाटीला दाद द्यावी अशीच.

मावशी आता पुन्हा फिरते. आधी घरात खुर्चीवर बसून पाय सरळ करण्याचे व्यायाम केले, मग एक फेरी, आता दीड. गेल्या महिन्यात मी विद्यार्थ्यांना घेऊन गेले तेव्हा तीही आली. देवमाशाच्या शेपटाकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "अगं, याचे गुडघे कुठं गेले?"

तिचा प्रश्न बरोबर होता. मागच्या पायांच्या जागी देवमाशाच्या मांसात कमरेच्या हाडाचे छोटे अवशेष रुतलेले असतात. कण्याशी त्यांचा संबंध उरलेला नाही. पण त्याच्या पूर्वजांना पाय होते. चार कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या अशा देवमाशांचे जीवाश्म आपल्याच गुजरातेत, कच्छमध्ये सापडले आहेत. मावशीला मी म्हटलं, याच्या पणज्यांना गुडघे होते. ती तिथल्या बाकावर टेकली आणि तिने मुलांना आपल्या गुडघ्याची वाटी बोटाने हलवून दाखवली.