बोटुकली तलावात सोडताना
(मच्छीमार संस्था आणि ठेक्याने तलाव घेणाऱ्यांसाठी)

आमच्या बीजकेंद्रावर कटला, रोहू, मृगळ या माशांचं बीज, म्हणजे पिल्लं, घ्यायला आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘हजारी काय भाव?’ आमचं म्हणणं, आधी लांबी विचारा.

शेततळ्यात इंचभर बीज चालून जातं, कारण तिथले खादाड मासे आपण आधीच काढलेले असतात. धरणाच्या तलावात मरळ आहे, शिवडा आहे, वर पाणकावळे टपलेले. तिथे इंचभर बीज सोडणं म्हणजे त्यांची पंगत घालणं. निदान १०० मिलिमीटरची, म्हणजे मधल्या बोटाहून लांब, बोटुकली (वाढवलेलं बीज) घ्या. त्याच पैशात नग कमी येतील, पण जाळ्यात लागणारे जास्त. लहान बीजच परवडत असेल, तर तलावातच पिंजरा किंवा हापा (बारीक जाळीचा कप्पा) लावून वाढवा आणि मग सोडा.

बीज न्यायच्या आदल्या दिवशी आम्ही खाद्य बंद करतो. काहींना हा कंजूसपणा वाटतो. पण पोट भरलेला मासा वाटेत घाण करतो आणि पिशवीतलं पाणी नासतं.

खरं नुकसान काठावर होतं. पाहुणे यायचे म्हणून पिशव्या दुपारी बारापर्यंत उन्हात, मग फोटो, मग सगळ्या पिशव्या भिंतीजवळ एकाच जागी धपाधप रित्या! कार्यक्रम जरूर करा, पण सकाळी लवकर. पिशवी बंद असतानाच पंधरा-वीस मिनिटं तलावावर तरंगू द्या, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान सारखं होईल. नंतर उघडा, आणि उघडल्यावर रेंगाळू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आम्लट झालेलं असतं, त्यामुळे माशांनी सोडलेल्या अमोनियाचा जोर दबलेला असतो. तोंड उघडलं की तो वायू उडून जातो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तलावाचं पाणी थोडंथोडं आत घ्या, पिशवी आडवी करा, मासे आपणहून बाहेर पडू द्या. होडीने फिरून पाच-सहा ठिकाणी सोडा, पाणवनस्पती असतील तिथे आधी. सांडवा वाहत असेल तर थांबा, नाहीतर तुमचं बीज खालच्या गावाचं.

आणखी एक अडचण अशी, की हौदात वाढलेल्या माशाला शत्रू ठाऊकच नसतो. कटला-रोहू ज्यातले, त्या कार्प कुळातल्या माशाची कातडी फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात उतरतं आणि बाकीचे बिथरतात, हे प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली मांडलं. त्या द्रव्यासोबत शिकारी माशाचा वास दिला, तर पिल्लं त्या वासाला भ्यायला शिकतात. ही शिकवणी आम्ही अजून देत नाही. हौदात झुडपाच्या फांद्या मात्र टाकतो, म्हणजे लपायची सवय लागते.

वाटेत मेलेली बोटुकली पिशवी उघडताना आमच्या माणसासमोर मोजा. तेवढी पुढच्या खेपेला भरून देऊ.