समुपदेशन कक्षातलं साहित्य : वापरण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडून हे साहित्य घेणारे समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ आणि शाळांतले विशेष शिक्षक यांच्यासाठी

पीएचक्यू-९ चे पॅड

नैराश्याच्या तपासणीची ही प्रश्नावली कुणालाही मोफत वापरता येते. आम्ही पैसे घेतो ते कागदाचे आणि छपाईचे. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. गुण १० किंवा जास्त असतील तर सविस्तर मुलाखत हवीच, कारण नुसत्या बेरजेवरून निदान होत नाही. शेवटी ‘या त्रासामुळे कामात किती अडचण आली’ असा प्रश्न असतो, तो बेरजेत धरायचा नाही.

चूक बहुधा विचारण्यात होते. ‘गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस?’ हे गाळून नुसतं ‘उदास वाटतं का?’ विचारलं की ‘हो’ मिळतं, गुण देता येत नाहीत. घरी कोकणी बोलणाऱ्याला छापील मराठी जड वाटते. तो ‘टेन्शन येता’ म्हणेल, आणि त्या एका शब्दात भीती, राग, कर्ज, उडालेली झोप सगळंच येतं. प्रश्न आधी छापल्याप्रमाणे वाचा, मग त्याला काय समजलं ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावा.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे १ जरी आला तरी बेरीज बाजूला ठेवा. एकूण गुण चारच असोत, त्याच बैठकीत विचारा: विचार कधी येतो, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, घरी कोण असतं. धोका दिसला तर माणसाला एकटं सोडू नका. गोव्यातल्या बांबोळीची मनोविकार संस्था (आयपीएचबी) आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पानाच्या तळाशी छापला आहे. झेरॉक्समध्ये तळाची हीच ओळ कापली जाते, म्हणून आम्ही खाली दोन बोटं जागा मोकळी सोडतो.

एसडीक्यू

मुलांच्या वागण्याविषयीच्या या २५ विधानांच्या छापील अर्जासाठी आम्हाला पैसे देऊ नका. तो अधिकृत संकेतस्थळावर मोफत मिळतो. पाच विधानांचे गुण उलटे मोजायचे असतात, उदाहरणार्थ ‘निदान एक तरी चांगला मित्र आहे’. इथे ‘अगदी खरं’ला ०. हे विसरलं की समंजस पोर अडचणीतलं ठरतं. इतरांना मदत करण्याविषयीची पाच विधानं अडचणींच्या बेरजेत येत नाहीत. मुलाला महिनाभरच ओळखणाऱ्या शिक्षकाकडून भरून घेऊ नका.

वाळूचा ट्रे

मूल वाळूत छोटी खेळणी मांडून मनातलं दाखवतं, तो हा ट्रे. साधारण ३० × २० × ३ इंच, आतून निळा, म्हणजे वाळू सारली की पाणी दिसतं. अर्धा भरला तरी वाळू वीस-पंचवीस किलो होते, तेव्हा टेबल डुगडुगतं नको. फुकट मिळते म्हणून किनाऱ्यावरची वाळू भरू नका. तिच्यातलं मीठ पावसाळ्यात हवेतली ओल ओढतं, वाळू वाळतच नाही आणि ट्रेचे खिळे गंजतात. नदीची वाळू गोड्या पाण्यात धुवा, चाळा, कडक उन्हात वाळवा. जून ते सप्टेंबर झाकण लावूनच ठेवा. मुलाने मांडलेलं त्याच्यासमोर मोडू नका. नोंदीसाठी फोटो हवा असेल तर पालकांची लेखी संमती आधी घ्या.

भावनांची कार्डं लॅमिनेट केलेली असली तरी कडा उघडल्या की आत बुरशी धरते. कडा फाटलेली कार्डं परत आणा, तेवढीच बदलून देतो. बुद्ध्यांक चाचण्यांचे संच भारतीय पुनर्वास परिषदेचा (पुनर्वसन क्षेत्रातल्या व्यावसायिकांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी क्रमांक पाहिल्याशिवाय देत नाही. भरलेल्या प्रश्नावल्या कुलपाच्या कपाटात ठेवा, मुख्याध्यापकांच्या टेबलावर नको.