एकाच कपातून पिण्यामागची भानगड

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलची फायनल झाली की पोरं जो चषक पेठेत नाचवतात त्याला दोन कान असतात बघा. ते मुळात धरून प्यायला होते. विलायतेत व्यापाऱ्यांच्या जुन्या मंडळांच्या जेवणावळीत असा मोठा कप अजून पंगतीत फिरतो. एकजण पितो आणि शेजारचा त्याच्या मागं पाठ करून उभा राहतो, कारण पिणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले, पाठीत सुरा बसायला नको. 978 मध्ये तिथला एक कोवळा राजा पितानाच मारला गेला, त्यावरनं ही रीत पडली म्हणतात, पण ती दंतकथाच धरा. स्कॉटलंडात दोन कानांची लाकडी वाटी, जपानात लग्नात नवरा-नवरी एकाच कपातून साके पितात, असं बरंच आहे.

आपल्याला मात्र पहिली शंका येते उष्ट्याची. तीर्थ एकाच पंचपात्रातलं, पण पळीनं तळहातावर. तांब्या एकच असला तरी तोंड न लावता वरनं धार. भांडं सगळ्यांचं चालतं, ओठ नाही.

खरा राडा झाला तो चर्चच्या प्याल्यावरनं. सुरुवातीची हजारेक वर्षं प्रभुभोजनात, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारस येशूचं शरीर आणि रक्त म्हणून घ्यायच्या विधीत, द्राक्षारस सगळेच पीत. मग हळूहळू तो फक्त धर्मगुरूपुरता राहिला आणि 1415 मध्ये धर्मपरिषदेनं तसा नियमच केला. कारण काय, तर रस सांडला तर विटंबना होते, आणि भाकरीत सगळंच येतं, मग प्याला कशाला. मला विचाराल तर पाळक वेगळा आणि बाकीचे वेगळे हे दाखवायची ती सोय होती. त्याच परिषदेनं बोहेमियातल्या (आजच्या चेक देशातल्या) यान हुस या धर्मोपदेशकाला जिवंत जाळलं, आणि त्याच्या अनुयायांनी प्याला थेट झेंड्यावर घेतला! लढाया झाल्या, शेवटी 1436 मध्ये तडजोड होऊन तिथल्या सामान्य लोकांना प्याला मिळाला. प्रॉटेस्टंटांनी पुढच्या शतकात तो सगळ्यांनाच दिला, कॅथलिकांकडं ही मोकळीक यायला 1960 चं दशक उजाडलं.

तोवर जंतू सापडले होते. 1890 च्या दशकात अमेरिकेत क्षयाच्या भीतीनं काही चर्चमध्ये प्रत्येकाला छोटा काचेचा कप सुरू झाला. विरोधक म्हणायचे, ‘तुम्ही सर्व यातून प्या’ असं प्रभूनं सांगितलंय त्याचं काय? भीती खरी होती, पण आपल्या शेजारी कोण बसलंय हा प्रश्नही त्यात मिसळलेला होता असं मला वाटतं. मग 1909 मध्ये कॅन्सस राज्यानं रेल्वे, शाळा वगैरे ठिकाणचे साखळीला बांधलेले सामायिक पेलेच बंद केले. चहाच्या गाड्यावरचा आजचा कागदी कप त्याच काळात चालू लागला.

अमेरिकन मिशन 1850 च्या दशकातच कोल्हापुरात आलं होतं, पण इथं कपाचा प्रश्न चर्चच्या बाहेरचा होता. पागेतल्या पाण्याला हात लावला म्हणून ज्या अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळेला मार बसला त्याला शाहू महाराजांनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढायला मदत केली, गाडी थांबवून स्वतः तिथला चहा प्याले आणि सोबतच्यांनाही पाजला. कुणाची नाही म्हणायची टाप? 1919 मध्ये पाणवठे, धर्मशाळा सगळ्यांना खुल्या करायचे हुकूम निघाले, तरी वेगळी कपबशी काही जाईना. 1955 मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध देशभराचा कायदा आला, त्यानंतरही गावोगावच्या हॉटेलांत ती राहिलीच.

चर्चकडचा वाद कोरोनात परत उकरला गेला. 2020 च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या चर्चनं सामायिक प्याला थांबवला, मग छोटे कप देऊया म्हटलं तर चर्चच्या कायदेतज्ज्ञांनी 1547 चा कायदा पुढं केला, ते बसत नाही म्हणाले. दुसऱ्या वकिलांनी लेखी मत दिलं की बसतंय.