रिअल-टाइम रेंडरर निवडताना: थोडी पार्श्वभूमी

2010 मध्ये ल्युमिअन आलं, म्हणजे इमारतीच्या 3डी मॉडेलचं चित्र लगेच दाखवणारं (रिअल-टाइम) सॉफ्टवेअर, तेव्हा एकेका चित्रासाठी तासन्तास गणित करणाऱ्या व्ही-रे या रेंडररवाल्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. चित्र गेमसारखं दिसतं, झाडं प्लॅस्टिकची वाटतात, ही टीका खोटीही नव्हती. पण रात्रभर मशीन रेंडरला लावून सकाळी मॉडेलचा एखादा फेस (पृष्ठभाग) उलटा निघालेला बघण्यापेक्षा संध्याकाळी हातात पडलेला वॉकथ्रू (इमारतीतून फिरवणारा व्हिडिओ) क्लायंटला चालायचा. पुढे एन्स्केप या दुसऱ्या रिअल-टाइम रेंडररने मॉडेल इम्पोर्ट करायची भानगडच काढून टाकली: रेव्हिटमध्ये (जिथे मॉडेल बनतं त्या सॉफ्टवेअरमध्ये) भिंत सरकवली की शेजारच्या विंडोत ती सरकलेली. (हेच एन्स्केप 2022 पासून व्ही-रेच्याच घरात नांदतंय.)

त्या काळचं रिअल-टाइम म्हणजे बरीचशी हातचलाखी. बऱ्याचदा फ्रेममध्ये दिसतंय तेवढ्याचंच प्रतिबिंब पडायचं. मग वॉर्डरोबच्या आरशात कॅमेऱ्यामागची भिंत यायचीच नाही. अनरियल या गेम इंजिनमध्ये प्रकाश आधी बेक करायचा (मोजून पृष्ठभागांवर पक्का करायचा), सोफा हलवला की पुन्हा बेक. 2018 मध्ये एनव्हिडियाची आरटीएक्स ग्राफिक्स कार्डं आली आणि प्रकाशकिरणांचा हिशेब (रे ट्रेसिंग) हार्डवेअरकडे गेला. डी5 हे रेंडरिंग सॉफ्टवेअर तर या कार्डांवर बेतूनच निघालं. ल्युमिअनमध्ये रे ट्रेसिंग यायला 2023 उजाडलं; उशीरच तो.

खरा वाद मात्र चित्राचा नाही, लायसन्सचा आहे. मार्च 2015 मध्ये अनरियल मोफत झालं. गेमवर 5 टक्के रॉयल्टी, आर्किटेक्चरच्या कामावर तीही नाही. 2019 मध्ये अनरियलच्याच कंपनीने, एपिकने, ट्विनमोशन हे रिअल-टाइम रेंडरिंग सॉफ्टवेअर विकत घेतलं, काही महिने सगळ्यांना फुकट वाटलं, आणि 2020 मध्ये त्यावर 499 डॉलरची एकरकमी किंमत लावली. एप्रिल 2024 मध्ये पुन्हा पलटी: वर्षाला 10 लाख डॉलरपेक्षा कमी उलाढाल असेल तर मोफत, त्यावर असेल तर दर सीटमागे (म्हणजे वापरणाऱ्या प्रत्येक माणसामागे) वर्षाला ट्विनमोशनचे 445 डॉलर आणि अनरियलचे 1,850.

लहान स्टुडिओंना हे वरदानच वाटलं. अडचण उलाढाल मोजण्याच्या रीतीत आहे. गेम बनवणाऱ्यांची रॉयल्टी त्या एका गेमच्या कमाईवर ठरते, तीही 10 लाख डॉलर ओलांडल्यावर. आर्किटेक्टच्या बाबतीत मात्र फर्मची सगळी उलाढाल धरली जाते, रेंडरिंगमधून दमडी मिळत नसली तरी. ती मर्यादा तेव्हाच्या दराने साधारण 8.3 कोटी रुपये. मुंबई-पुण्यातली बरी चाललेली फर्म सहज ओलांडेल. सीट वापरणाऱ्यांपुरत्याच घ्यायच्या असल्याने आकडा जीवघेणा नाही, पण 499 डॉलर एकदा मोजून मोकळे झालेल्यांना दरवर्षीचं बिल खुपणारच, आणि मला तरी त्यांची तक्रार रास्त वाटते.

फ्रीलान्सरला ट्विनमोशन आणि डी5ची कम्युनिटी आवृत्ती दोन्ही फुकट मिळतात. त्याचा पैसा जातो कार्डात: सोसायटीच्या लेआउटमध्ये झाडं टाकायला लागलं की कार्डाची 8 जीबी मेमरी (व्हीरॅम) बघता बघता भरते.