कलाचळवळीची विकिपीडियावर नोंद : पात्रता, पुरावे आणि मसुदा पाठवण्याची पद्धत

चार-पाच चित्रकार एकत्र येतात, जाहीरनामा काढतात, चळवळीला नाव देतात. मग विश्वकोशात नोंद हवी असं वाटतं. चळवळ जाहीर करायला कुणाची परवानगी लागत नाही. नोंदीसाठी मात्र चळवळीशी संबंध नसलेल्या माणसांनी तिच्याबद्दल आधीच सविस्तर लिहिलेलं असावं लागतं. विकिपीडियावर या कसोटीला ‘उल्लेखनीयता’ म्हणतात. चित्रं चांगली की वाईट, हा प्रश्न तिथे येतच नाही. (मराठी विश्वकोशात कोणत्या नोंदी घ्यायच्या ते संपादक आणि ज्ञानमंडळं ठरवतात. पुढची माहिती इंग्रजी विकिपीडियाची आहे.)

पात्रता कशी तपासायची

हाताशी असलेले सगळे कागद टेबलावर मांडा. जाहीरनामा, स्वतःचं संकेतस्थळ, समाजमाध्यमांवरचा मजकूर, निमंत्रणपत्रिका, गॅलरीने छापलेली पुस्तिका, सदस्यांच्या मुलाखती हे सगळं बाजूला काढा. उरलेल्या मजकुरावर चार परिच्छेद लिहिता आले, तर पुढे जा. एकही लिहिता येत नसेल, तर अजून वेळ आलेली नाही.

उरलेल्या प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारा. लिहिणारा चळवळीपासून स्वतंत्र आहे का? चळवळीचं नाव घेऊन दोन-तीन परिच्छेद तरी लिहिले आहेत, की प्रदर्शनांच्या यादीत एका ओळीचा उल्लेख आहे? छापणाऱ्याकडे संपादकीय तपासणी होते का? तिन्हींना ‘हो’ असं उत्तर येणारे किमान तीन स्रोत असावेत. आकडा नियमात लिहिलेला नाही, पण जाणते संपादक सर्वांत चांगले तीनच दाखवा म्हणतात. वीस कच्च्या दुव्यांमुळे संशयच वाढतो.

आपल्याकडे सर्वाधिक फसगत वर्तमानपत्रांच्या कात्रणांत होते. प्रसिद्धिपत्रक तीन दैनिकांनी शब्दशः छापलं, तर ती तीन परीक्षणं होत नाहीत, तो तुमचाच मजकूर तीनदा छापला गेलेला असतो. पैसे देऊन घेतलेली पुरवणीतली जागाही बाद. दुसरी चूक म्हणजे एका नामांकित सदस्याच्या जोरावर चळवळ उभी करणं. त्याच्या चित्रांवर दहा लेख असले आणि त्यांत चळवळीचं नावच नसलं, तर नोंद फार तर त्याची होईल.

ही कसोटी स्वयंघोषित चळवळींच्या विरोधात नाही. स्टकिझम ही बिली चाइल्डिश आणि चार्ल्स थॉमसन यांनी 1999 मध्ये लंडनमध्ये स्वतःच जाहीर केलेली चळवळ. नुसत्या जाहीरनाम्यावर नोंद टिकली नसती. पण टर्नर पारितोषिक या ब्रिटनमधल्या समकालीन कलेच्या पुरस्काराविरुद्धच्या त्यांच्या निदर्शनांची ब्रिटिश वृत्तपत्रांनी दखल घेतली आणि 2004 मध्ये लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरी या सार्वजनिक संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपनेही 1947 मध्ये स्वतःचं नाव स्वतःच ठेवलं. आज त्या नावानिशी कलेतिहासाचे ग्रंथ आहेत आणि 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या एशिया सोसायटीत या चित्रकारांवर प्रदर्शनही झालं.

कागदपत्रं

मराठी स्रोत चालतात, आंतरजालावर नसलेलेही चालतात. मात्र प्रत्येकासाठी लेखक, शीर्षक, दैनिक किंवा नियतकालिक, तारीख आणि पान क्रमांक हवा. तपासनीस मागेल तेव्हा मूळ उतारा आणि त्याचं भाषांतर देता यावं. कात्रण स्कॅन करून कॉमन्सवर (विकिपीडियासाठीच्या मुक्त चित्रांच्या आणि इतर फायलींच्या साठ्यावर) चढवू नका. त्याचा प्रताधिकार तुमचा नाही.

चित्रांबाबतही घाई नको. चित्र विकलं तरी प्रताधिकार साधारणपणे चित्रकाराकडेच राहतो, म्हणून मुक्त परवाना त्यानेच द्यायला हवा. कॉमन्सच्या परवान्यात व्यावसायिक वापरही येतो आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही. ते आधी समजून घ्या.

मसुदा ते निर्णय

खातं व्यक्तीच्या नावाने उघडा, चळवळीच्या नावाचं खातं बंद होतं. तुम्ही चळवळीचे सदस्य असाल, तर विकिपीडियावरच्या तुमच्या खात्याच्या पानावर (सदस्यपानावर) हितसंबंध जाहीर करा. लिहिण्याचे पैसे मिळत असतील, तर कोणाकडून ते सांगणं सक्तीचं आहे. खातं 4 दिवसांचं झाल्यावर आणि 10 संपादनं झाल्यावर थेट लेख बनवता येतो, पण हितसंबंध असलेल्यांनी आधी मसुदाच तपासणीसाठी पाठवावा.

मजकूर छोटा ठेवा. ‘क्रांतिकारी’, ‘युगप्रवर्तक’ असे शब्द काढा. असं मत कुणा समीक्षकाचं असेल, तर त्याच्या नावानिशी द्या. तपासणीला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. मसुदा परत आला, तर कारण वाचून नवे स्रोत घाला. फक्त भाषा बदलून पुन्हा पाठवला, तर तोच शेरा येतो. ‘नाकारला’ असा अंतिम शेरा असेल, तर तिथेच थांबा. सहा महिने हात न लावलेला मसुदा पुसला जाऊ शकतो.

लेख झाल्यावरही कुणी वगळण्याची चर्चा सुरू करू शकतं. ती साधारण 7 दिवस चालते. तिथे मतं मोजत नाहीत, युक्तिवाद तोलतात. त्यामुळे मित्रमंडळींना नवी खाती उघडून ‘राहू द्या’ लिहायला लावलं, तर उलटा परिणाम होतो. नवा स्वतंत्र स्रोत दाखवणं हेच उपयोगी पडतं. कधी लेख संस्थापकाच्या पानात विलीन होतो आणि चळवळीच्या नावावरून तिकडे पुनर्निर्देशन राहतं, म्हणजे ते नाव शोधणारा आपोआप त्या पानावर पोहोचतो. ते स्वीकारा. शोधणाऱ्याला नाव सापडतं, जुना मजकूर पानाच्या इतिहासात शाबूत असतो आणि पुढे एखाद्या अभ्यासकाने चळवळीवर सविस्तर लिहिलं, तर तिथूनच पुन्हा सुरुवात करता येते.